वर्षावास, शिबिर आणि बंद दार

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, उदगीरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. भाकरी-भांडी उरकून, पांढरी साडी नेसून बाया येतात. मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण, पंचशील, मग वाचन. वाचणारी बहुधा कॉलेजातली पोरगी असते. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या पुढचं वाक्य तिच्या आधी पुटपुटतात, इतकी वर्षं त्यांनी तो ग्रंथ ऐकलाय. वाचन संपलं की उठायच्या आधी बोलणं सुरू होतं. नवऱ्याची दारू, माहेरी येऊन बसलेली लेक, नीटच्या निकालानंतर खोलीबाहेर न येणारा नातू. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि समुपदेशनाचं प्रशिक्षणही घेतलं आहे. तरीही दुःख ऐकून घ्यायची रीत मी पहिल्यांदा विहारातल्या या सतरंजीवर पाहिली.

ही रीत आमच्याकडे आली कधी, हे सांगणं सोपं आहे. उदगीर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होतं. त्या वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, आमचा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात जोडला जाऊन द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आजीच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी एकच होत्या. "राज बी बदललं अन् देव बी गेले, लेकरा," असं ती म्हणायची. देव्हाऱ्यातले टाक तिनं फडक्यात बांधून विहिरीत सोडले होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोला मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकी उपचारपद्धती पहिल्यांदा मांडली. माणसाला घटना जेवढी छळते त्यापेक्षा त्या घटनेविषयीचा त्याचा हट्टी विचार जास्त छळतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या आधी हे ओळखणाऱ्यांत ते ग्रीक-रोमन स्टोइकांबरोबर गौतम बुद्धाचंही नाव घेत. ही पद्धत मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी. पुढे ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती लेखनातून आणि व्याख्यानांतून गावोगाव नेली. पण आमच्यापर्यंत हे सगळं फार उशिरा पोचलं.

तोवर मनाच्या आजाराला आमच्याकडे एकच पत्ता होता. निजामाच्या राज्याचं वेड्यांचं इस्पितळ जालन्याला होतं. 1953च्या सुमारास ते हैदराबादेत एर्रागड्ड्याला गेलं. तीन वर्षांनी राज्य बदललं तेव्हा एर्रागड्डा परक्या राज्यात राहिलं आणि आमच्या वाट्याला पुण्याचं येरवडा आलं, जवळजवळ चारशे किलोमीटर लांब. असल्या पत्त्यावर माणूस नेतात ते अगदी हाताबाहेर गेल्यावर. मधल्या दुःखाला, म्हणजे झोप न येणाऱ्या, भूक मेलेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला सतरंजी, दर्गा, नाहीतर देवऋषी.

सतरंजीवरचा हा धम्म मनःशांतीसाठी आला नव्हता, हे पुण्या-मुंबईच्या माझ्या सहकाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते बुद्ध म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर डोळे मिटलेली मूर्ती असते. आमच्या सतरंजीवरचा सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. बाबासाहेबांनी ती कथा नाकारली. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या भांडणात युद्धाला विरोध करतो आणि म्हणून देशत्याग पत्करतो. पाण्यासाठीचं भांडण काय असतं हे मराठवाड्यातल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. दुःख माणूस माणसाला देतो, आणि म्हणून माणूसच ते थांबवू शकतो, हे तिनं तिथून उचललं.

इथंच मला एक जुना पेच पडतो. मज्झिम निकायात बुद्धांनी मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूला सांगितलेला दृष्टान्त आहे. विषारी बाण लागलेला माणूस वैद्याला बाण काढू देत नाही. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, त्याचं नाव काय, गाव कोणतं, हे आधी कळू दे म्हणतो, आणि ते कळायच्या आत मरतो. मानसोपचाराचा अख्खा धंदा या दृष्टान्तावर उभा राहू शकेल: आधी बाण काढा. पण 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं गेलं. त्या वस्त्यांतल्या पोराला रात्री घाम फुटून जाग येत असेल, तर बाण कुणी मारला हे विचारू नकोस, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मालुंक्यपुत्ताचे प्रश्न वेगळे होते: जग शाश्वत आहे का, मेल्यावर तथागत असतो का. त्यांची उत्तरं मिळून जखम भरत नाही. वस्तीतल्या पोराची जखम मात्र मारणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय भरत नाही. बाबासाहेबांनी धम्मात 'बाण कुणी मारला' हा प्रश्न मोकळा ठेवला, आणि पाश्चात्त्य मानसोपचारानं तो फार काळ दाराबाहेर ठेवला, असं माझं स्पष्ट मत आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला 14 जानेवारी 1994 उजाडला.

त्याच्या साडेतीन महिने आधी किल्लारीचा भूकंप झाला. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला आलेले. हादरा उदगीरलाही बसला, पण औसा आणि उमरगा भागात दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी आकड्यानं सुमारे आठ हजार माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे लोक नंतर या गावांत आले, मनाच्या जखमांचा अभ्यास झाला, आणि घर पडल्यानं मनही आजारी पडतं ही गोष्ट आमच्याकडे पहिल्यांदा सरकारी कागदावर आली.

त्या वर्षापासून मला पटाचारेची गोष्ट वेगळी ऐकू येते. पालीतल्या अट्ठकथेत, म्हणजे भाष्यात, ती सविस्तर आहे. नवरा साप चावून गेला, तान्हं लेकरू ससाण्यानं उचललं, थोरलं नदीत वाहून गेलं. माहेरच्या वाटेवर कळतं की रात्रीच्या वादळात घर कोसळलं आणि आई, बाप, भाऊ एकाच चितेवर जळताहेत. ती भान हरपून, अंगावरचं वस्त्र गळून पडलेलं, रानोमाळ फिरते. लोक वेडी म्हणून हाकलतात. बुद्ध म्हणतात, अडवू नका. जवळ आल्यावर तिला 'भानावर ये, बहिणी' अशा अर्थाचं बोलतात. कुणीतरी अंगावरचं कापड तिच्याकडे टाकतं. मग ती सगळं सांगते आणि ते ऐकतात. धम्म त्यानंतर. आधी भान, मग कापड, मग तिचं बोलणं, आणि शेवटी उपदेश: हा क्रम मी वर्गात फळ्यावर लिहिते. आपत्तीनंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची आजची पुस्तकं काढा, आधी आधार आणि मग ऐकणं हीच रीत सापडेल. पुढे पटाचारा भिक्षुणी झाली आणि लेकरं गमावलेल्या अनेक बायांना तिनंच सावरलं.

विपश्यनेचं आमच्याकडे येणं या सगळ्याहून वेगळं. ही ध्यानपद्धती शिकवणारे सत्यनारायण गोयंका मंडालेत जन्मलेले व्यापारी. अर्धशिशीनं हैराण होऊन ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य. डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका, धम्म त्यासाठी नाही, असं त्यांनी आधी सुनावलं. 1955 साली गोयंका पहिल्या शिबिराला बसले. 1969 च्या जुलैत त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, 1976 साली इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. दहा दिवसांचं शिबिर, दहाव्या सकाळपर्यंत आर्यमौन, पहाटे चारची घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास.

आमच्या मावश्या-वहिन्या इगतपुरीहून आल्या तेव्हा सतरंजीवर थोडा वाद झाला, तो मला महत्त्वाचा वाटतो. तिथं कुणी विचारत नाही तुझं काय झालं म्हणून, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, तेच बरं, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही सांगितलं नाही आणि तरी हलकी झाले. दोघी खऱ्या होत्या. विपश्यनेत दुःखाची गोष्ट सोडून द्यायची असते आणि शरीरावर उठणारी-विरणारी संवेदना पाहायची असते. समुपदेशकाच्या बंद दाराआड ती गोष्टच हवी असते: कोण, कधी, काय म्हणालं, तुम्हाला काय वाटलं. एलिसचा अनुयायी त्या गोष्टीतल्या 'असं व्हायलाच नको होतं' या हट्टाशी वाद घालतो. विपश्यनेचा साधक त्या हट्टाला येऊ देतो आणि जाऊ देतो.

दोन्ही वाटांचा शेवटही वेगळा आहे. फ्रॉईडनं 1895 मध्ये ब्रॉयरबरोबरच्या पुस्तकाच्या अखेरीस म्हटलं होतं, की विकाराचं दुःख चारचौघांच्या साध्या दुःखात बदलता आलं तरी पुष्कळ मिळवलं. सिद्धार्थाला तर ते चारचौघांचं दुःखच सहन झालं नाही. उपचार जिथं थांबतो तिथून मार्ग सुरू होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी 1979 पासून ध्यान दवाखान्यात आणलं, पुढे वारंवार उलटणाऱ्या नैराश्यावर त्याचा उपयोगही दिसला. पण तिथं ध्यान हे औषध आहे, तृष्णेचा क्षय हा त्याचा हेतू नाही. ऊ बा खिन यांनी डोकेदुखीवाल्याला परत का पाठवलं होतं ते इथं कळतं.

4 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते उदगीरला विश्वशांती बुद्ध विहाराचं उद्घाटन झालं. कलबुर्गीच्या विहाराच्या धर्तीवर बांधलेली ती वास्तू पाहायला आता लांबून लोक येतात. दुसरीकडे शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांसाठी राज्यानं 2015 च्या सुमारास प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई उंबऱ्यावर बसून विचारते: झोप लागते का, कामात मन लागतं का, जगणं नको वाटतं का. तिच्या प्रश्नांना कुणी ध्यान म्हणणार नाही, उपचारही म्हणणार नाही, पण पटाचारेच्या अंगावर कापड टाकणाऱ्याचं काम ती करते.

वाचन संपल्यावर बाया मला विचारतात, पोराला शिबिराला पाठवू का. मी आधी विचारते, झोपतोय का, जेवतोय का, मरायची भाषा करतो का. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, गोळ्या लागल्या तर गोळ्या. शिबिराच्या अर्जातही मनाच्या आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नका म्हणते. मग ज्याच्यापाशी तो बोलेल असं माणूस. कॉलेजात कुणी जातीवरून बोललं असेल तर तक्रार, तीही लेखी, आणि ती द्यायला सोबत मी. दहा दिवसांचं मौन त्यानंतर, त्याला स्वतःला जावंसं वाटलं तर.