खोत, कूळ आणि बेदखली : एक प्रस्तावना

महाडहून रायगडाकडे जाणारी वाट नाते गावावरून जाते. माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांचा जन्म 1896 साली इथलाच, हेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र गडाचा इतिहास ज्या हौसेने वाचला जातो, त्या हौसेने गडाखालच्या भातखाचरांचा वाचला जात नाही. महाड-पोलादपूरच्या मुलखात जमीन कोणी कसली आणि कोणाच्या हातून सुटली, हा विषय तितकाच मोलाचा आहे. वाचकांनी थोडा वेळ दिला, तर तो रूक्ष वाटणार नाही.

या विषयाच्या केंद्रस्थानी खोत आहे. गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी त्याची आणि त्यापोटी गावच्या जमिनीची व्यवस्थाही त्याच्याकडे. काही खोतांनी पडीक जमीन लागवडीला आणली, अडल्या कुळाला बी-बियाणे दिले; हेही नोंदवले पाहिजे. पण वसुली, हिशेब आणि निवाडा एकाच हाती आला की साध्या कुळाला दाद मागायला जागा उरत नसे.

अभावणीची पद्धत पाहिली की हे नीट उमगते. भात कापणीला येण्याआधी खोत किंवा त्याचा कारभारी बांधावर येई, उभ्या पिकाचा अंदाज करी आणि त्यावर आपला हिस्सा ठरवी. अर्धेलीने कसणाऱ्याला निम्मे भात द्यावे लागे. अंदाजाबद्दल हुज्जत घालणाऱ्याला पुढल्या साली जमीन जाण्याची धास्ती असे. पावती नसली, तर वहिवाट सिद्ध कशी करायची?

याविरुद्धचा मोठा लढा याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, उभा राहिला. अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी 1933 ते 1939 संप केला. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. पण कायद्यांनी बेदखली थांबली नाही : 1948 च्या कूळकायद्यानंतर मुंबई राज्यात कुळांकडून जमीन सोडल्याचे ‘स्वखुशीचे’ राजीनामे घेतले गेले. वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी त्या कायद्याच्या अंमलाची केलेली पाहणी 1957 साली प्रसिद्ध झाली. ती अवश्य वाचावी.

अभ्यासाचा क्रम साधा ठेवा. आधी कायदे, मग कबुलायती (कुळांचे करारनामे), राजीनामे, फेरफार आणि सातबारा, त्यानंतर गावच्या जाणत्यांच्या आठवणी. कागद आणि आठवणी जुळतीलच असे नाही. स्कॉटलंडमध्ये सदरलंडच्या जहागिरीतून कुळांना हुसकावणाऱ्या पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याला 1816 साली न्यायालयाने निर्दोष सोडले. लोकांनी त्याला आजवर माफ केलेले नाही. निकालपत्र आणि लोकस्मृती दोन्ही पुरावेच आहेत. एकाने दुसरा खोडू नये, दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

आणि एक विनंती. तुमच्या घरी जुनी कबुलायत किंवा पावती असेल, तर ती रद्दीत टाकू नका. मोडी लिपीत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या आणि तिची एक प्रत अभ्यासकांसाठी ठेवा. पूर्वज खोत असोत वा कूळ, या इतिहासाला दोन्ही घरांचे कागद हवे आहेत.