नाकारलेला दुसरा प्रोसेसर आणि घरातली दोन ग्राफिक्स कार्डे

१/ १९८०च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे एक्स-एमपी २४ हा महासंगणक मागितला. मिळाला एक्स-एमपी १४. या क्रमांकातील पहिला अंक प्रोसेसरांची संख्या सांगतो. म्हणजे नाकारला गेला तो दुसरा प्रोसेसर. आजचा धागा अशा जोडणीचा आहे, आणि घरच्या संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवण्याच्या हौसेचाही.

२/ ‘अमेरिकेने क्रे दिलाच नाही, म्हणून परम जन्मला’ हे अर्धसत्य होय. हवामान अंदाजासाठी क्रे दिल्लीत आला होता. अडवणूक होती ती त्याहून समर्थ यंत्रांची. त्यांवर अण्वस्त्रांची गणिते होतील, ही धास्ती.

३/ १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांचे. मुदत तीन वर्षे. एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवणे आवाक्याबाहेर होते. म्हणून ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर निवडले गेले. ही चिप एकटी फार बलवान नव्हती, पण शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी तिला चार दुवे होते. १९९१च्या परम ८००० मध्ये अशा ६४ चिपा एकत्र राबत.

४/ कसोटी संख्येची नसते, वाटणीची असते. आमच्या धर्माबादकडे खुरपणीला दहा बाया लावल्या की रान लवकर उरकते, कारण प्रत्येकीची पात वेगळी. त्याच दहा जणींना एका पोहऱ्याने पाणी शेंदायला सांगा. नऊ जणी उभ्याच राहतील.

५/ घरगुती संगणकात ही कल्पना १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ कार्डाने रुजवली. दोन कार्डे चित्राच्या ओळी एकाआड एक रेखाटत. अगदी पात धरल्यासारखी. डिसेंबर २००० मध्ये एनव्हिडियाने त्या कंपनीची मालमत्ता घेण्याचा करार केला आणि २००४ मध्ये एसएलआय हे नाव पुन्हा बाजारात आणले.

६/ नव्या पद्धतीत बहुधा एक चौकट या कार्डाला, पुढची त्या कार्डाला. येथे पोहरा आडवा आला. पुढची चौकट अनेकदा मागचीवर विसंबून असते. चौकटी असमान अंतराने येतात व खेळ अडखळतो. शिवाय दोन्ही कार्डांत तीच माहिती ठेवावी लागे, त्यामुळे ८ जीबीची दोन कार्डे खेळापुरती ८ जीबीचीच. किंमत मात्र दुप्पट! २०२१ पासून एनव्हिडियाने नवी एसएलआय प्रोफाइल देणे थांबवले; २०२२च्या आरटीएक्स ४०९० वर तर जोडपट्टीची जागाच उरली नाही.

७/ गंमत अशी की, नोव्हेंबर २०२०च्या टॉप ५०० यादीत सी-डॅकचा परम सिद्धी-एआय ६३वा आला, तो याच कंपनीच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांवर. अशा प्रत्येक यंत्रात आठ जीपीयू अतिवेगवान दुव्यांनी जोडलेले असतात. भाषिक प्रारूपे शिकवण्याचे काम पातींत वाटता येते.

८/ दुसरे कार्ड घ्यावे का, असे अनेक विद्यार्थी विचारतात. खेळासाठी घेऊ नये. ब्लेंडरमधील रेंडरिंग किंवा घरच्या घरी भाषिक प्रारूप चालवायचे असेल, तर जोडपट्टीविनाही दोन कार्डे उपयोगी पडतात. मात्र आधी पॉवर सप्लायचे वॅट आणि मदरबोर्डवरील दुसऱ्या स्लॉटला किती लेन मिळतात, ते तपासावे.