कोटणीसांची चिनी

दौंडहून गाडी सोलापूरकडे वळली, की आम्हांस डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांत ते सोलापूरचे; वयाने ज्येष्ठ असलेले डॉ. चोळकर नागपूरचे. चोळकर परतले, आणि आपण त्यांना विसरलो. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात राहिले व १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे हौतात्म्य घरोघर पोहोचविले. भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला मात्र निराळ्याच गोष्टीचे अप्रूप वाटते. या सोलापूरकराने चिनी आत्मसात केली, तीतून शल्यविद्या शिकविली, आणि (हे आपण दोन ओळींत उरकतो) त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. मृत्यूपर्यंत ते लेखन चालूच होते.