वरळीचे आंतर-ट्रॅपी थर

मुंबई बेटाच्या पश्चिम कडेने मलबार हिलपासून वरळीपर्यंत गेलेल्या बेसाल्टी टेकड्यांखालील, गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचे खडक. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांदरम्यान उसंत मिळाली की थिजलेल्या लाव्हावरील खोलगट भागांत तळी बनत, त्यांत गाळ बसे आणि पुढचा लाव्हा येऊन तो झाकून टाकी. अशा थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. वरळीला त्यात काळपट शेल, म्हणजे बारीक चिखल दाबला जाऊन बनलेला व पापुद्र्यांनी सुटणारा खडक, विशेष आढळतो.

या थरांची ख्याती मुख्यतः बेडकांमुळे आहे. शेलमध्ये दबलेल्या इवल्याशा सांगाड्यांना रिचर्ड ओएन यांनी 1847 मध्ये ‘राना पुसिला’ असे नाव दिले. पुढे 1930 मध्ये जी. के. नोबल यांनी त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही वेगळी प्रजाती स्थापन केली. मुंबईच्या भूविज्ञानावर 1852 मध्ये लिहिणारे लष्करी शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी येथील कासवाचे वर्णन केले. मान आत न ओढता बाजूला वळवून कवचाखाली घेणाऱ्या कासवांच्या गटातले ते आहे.

वरळीप्रमाणे तळ्याच्या संथ तळाशी हाडे टिकतात; पक्ष्यांची पावले उमटतात ती मात्र काठच्या ओल्या चिखलात, आणि तो थोडा सुकून त्यावर नवा गाळ अलगद पसरला तरच ती दगडात उरतात. दक्षिण कोरियातील क्रिटेशस काळातील हामान शैलसमूहात असे घडले असून तेथील ठशांना 1969 मध्ये ‘कोरिआनाऑर्निस’ हे नाव मिळाले. बारीक व एकमेकांपासून खूप फाकलेली बोटे ही अशा ठशांची खूण होय. लहान मांसाहारी डायनोसॉरांचे ठसेही तीन बोटांचेच असल्याने ती तपासावी लागते.

वरळीच्या उत्तरेस सुमारे 45 किमी.वरील कळंब (ता. वसई, जि. पालघर) येथील पुळणीवर ओहोटीच्या वेळी तुतारी, चिखल्या यांसारखे पक्षी अशीच पावले उमटवतात, परंतु दर साधारण साडेबारा तासांनी येणारी भरती लाटांसरशी ती पुसून नेते. वसईच्या किनाऱ्यामागील खाजणांत, जेथे पाणी संथपणे शिरून गाळाचा पातळ साका मागे ठेवते, तेथे ती टिकण्याचा संभव त्यामानाने अधिक.