नाव ७७चं, तबकडी ८१ची

आज आपण एका तबकडीविषयी बोलणार आहोत. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन ७७'. नावात ७७, पण पॉलिडोरनं ती बाजारात आणली १९८१ साली. मधल्या चार वर्षांत काय बदललं, ते पाहू.

आधी ती ऐकायची कशी? फंक हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेला प्रकार. जेम्स ब्राउननं पहिल्या मात्रेवर जोर दिला. बाकी वाद्यं तिच्याभोवती फिरतात अन् तिथंच परत येतात. आपण त्याला सम म्हणतो. तुकडोजी महाराजांची खंजेरी ज्या अमरावती जिल्ह्यात घुमली, तिथल्या कानाला ठेक्याची ओढ काय असते हे सांगावं लागत नाही. या ठेक्यावर सायकेडेलिक रॉकची गिटार चढवा: फझनं खरखरीत केलेली, वाह-वाह पेडलनं बोलती केलेली. झाला सायकेडेलिक फंक रॉक.

सत्तरच्या दशकात अशा बँडना व्यासपीठ होतं ते हॉटेलांचं, कॉलेजांचं आणि 'सिमला' सिगारेटच्या नावानं भरणाऱ्या सिमला बीट स्पर्धेचं. परदेशी वाद्यं मिळवणं आयातीच्या निर्बंधांमुळे कठीण. रेकॉर्ड कंपन्यांची मुख्य कमाई सिनेमाच्या गाण्यांवर. त्यामुळे बँड रोज वाजत, पण तबकडीवर क्वचित येत. आणि १९८० साली 'कुर्बानी' आला, नाझिया हसनचा आवाज घरोघरी पोचला, बाजार डिस्कोकडे वळला. १९८१मध्ये 'ऑब्सेशन ७७' आली तेव्हा तिचा काळ मागं पडत चालला होता.

तरी ती उरली. जुन्या तबकड्या शोधणाऱ्यांनी तिला जपलं, आणि २०११ साली अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीनं बँडचं हे संगीत पुन्हा काढलं. मुंबईत घडलेलं, पण मुंबईच विसरलेलं संगीत आपल्याला बाहेरून परत मिळालं.

मग हिवरखेडात हे कशासाठी सांगतोय आम्ही? ती तबकडी उशिरा का होईना, निघाली म्हणून आज तिच्यावर बोलता तरी येतं. जे बँड नुसतेच वाजले, त्यांचं काय उरलं? आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांचं, लग्नातल्या बँडवाल्यांचं, दंडारीच्या ढोलक्यांचं तेच होतंय. वाजवणारे हात थकले, की ठेकाही जातो. पूर्वी ध्वनिमुद्रणाला कंपनी लागायची. आता खिशातला मोबाईल पुरतो. कोण वाजवतंय, कोणत्या गावचं, कोणत्या साली, एवढं सोबत लिहून ठेवा. पुढचा इतिहास त्यावरच उभा राहील.