मित्राचे लग्न आणि हाती साधा कॅमेरा

लग्नसराई सुरू झाली, की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मंगल कार्यालये गजबजतात. अशा वेळी ज्याच्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा आहे, अशा तरुणाला हमखास ऐकावे लागते, 'माझ्या लग्नाचे फोटो तूच काढ.' मित्राचा हा विश्वास प्रथम सुखावतो. तारीख जवळ आली, की मात्र पोटात गोळा येतो. जवळ असतात एक कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली एकच लेन्स आणि एखादी जादा बॅटरी.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी धुळ्यातील एका मित्राच्या लग्नात हा अनुभव घेतला आहे. अखेरचे मंगलाष्टक संपले, अंतरपाट दूर झाला, अक्षता उधळल्या गेल्या आणि नेमक्या त्या वेळी फ्लॅशचे सेल मंदावले. फोटो आला तो काळा. तो क्षण पुन्हा उभा करण्याची सोय विवाहविधीत नाही. नवख्याचे फोटो बिघडतात ते महाग साधनांअभावी कमी आणि पूर्वतयारीअभावी अधिक, हा धडा त्या दिवशी मिळाला.

आधी स्पष्ट बोलणे

पहिले काम कॅमेऱ्याचे नव्हे, बोलण्याचे आहे. व्यावसायिक छायाचित्रकार येणार आहे का, हे मित्राला विचारावे. येणार असेल, तर मुख्य विधी त्याच्याकडे सोपवून आपण हळद, नवरीची तयारी, आजीचा चेहरा, मुलांचा दंगा अशा घरगुती क्षणांकडे लक्ष द्यावे. कोणीच येणार नसेल, तर आपल्या अनुभवाच्या मर्यादा मित्राला आणि त्याच्या वडीलधाऱ्यांना निःसंकोच सांगाव्यात. नंतरच्या रुसव्यापेक्षा आधीचा स्पष्टपणा बरा.

चाळीसगावचा दाखला

अपुऱ्या साधनांची खंत वाटत असेल, तर खानदेशातीलच केकी मूस (१९१२-१९८९) यांचे स्मरण करावे. चाळीसगाव येथील आपल्या घरात जवळपास एकांतवासात राहिलेल्या या कलावंताने टेबलावर साध्या वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रणामुळे नाव मिळवले. प्रकाश कोठून येतो आणि तो वस्तूवर कसा पडतो, याचा अभ्यास हे त्यांचे खरे भांडवल होते. त्यांच्या घरी आज कलासंग्रहालय आहे. लग्नाआधी तेथे एक फेरी मारली, तरी नवख्याला बरेच काही शिकता येईल.

लेन्सचे गणित

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स झूम न करता वापरली, तर तिचे छिद्र एफ ३.५ इतके उघडते. पूर्ण झूम केल्यावर ते एफ ५.६ वर येते, म्हणजे प्रकाश सुमारे अडीच पटींनी घटतो. म्हणून मंद प्रकाशात झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे. चेहऱ्यांच्या फार जवळ मात्र जाऊ नये, नाहीतर नाके मोठी दिसतात. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स उसनी वा भाड्याने मिळाली, तर एफ ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहा पट प्रकाश मिळतो.

उभ्या माणसांसाठी शटरचा वेग १/१०० सेकंद पुरतो. वरातीतील नाचासाठी तो १/२५० किंवा त्याहून अधिक हवा. कार्यालयातील काही एलईडी दिवे विजेच्या ५० आवर्तनांमुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वेगवान शटरमुळे फोटोत पट्टे उमटू शकतात. असे पट्टे दिसल्यास वेग १/१०० वर आणावा. आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवण्यास कचरू नये. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो सुधारता येत नाही.

क्रम पाठ हवा

साखरपुडा, हळद, मारुतीचे दर्शन, वरात, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी हा ढोबळ क्रम सर्वांना ठाऊक असतो. समाजागणिक आणि गावागणिक त्यात फरक पडतो. त्यामुळे पुरोहितांना आणि घरातील एखाद्या जाणत्या काकू-मावशींना आदल्या दिवशी विचारून क्रम कागदावर लिहून घ्यावा.

अंतरपाटाच्या वेळी कापडाच्या रेषेत, पण पुरोहितांच्या समोरच्या बाजूस उभे राहावे. तेथून वधू-वर दोघांचेही चेहरे दिसतात. व्हिडिओवाला असल्यास जागा आधीच ठरवून घ्यावी. पहिली दोन-तीन मंगलाष्टके ही सरावाची संधी समजावी. त्या वेळी प्रकाश आणि वेग तपासून घ्यावा. 'सावधान'चा उच्चार झाला, की अक्षता पडतात, ही खूण लक्षात ठेवावी. अखेरच्या मंगलाष्टकात मात्र एकही जादा फोटो काढू नये. फ्लॅश पूर्ण भरलेला असू द्यावा.

ऊन, मांडव आणि हळद

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांपर्यंतच्या तापमानाची मर्यादा दिलेली असते. कॅमेरा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनीही ही काळजी घ्यावी, कारण तापलेल्या मोबाइलचा पडदा मंद होतो आणि कधी कॅमेराही बंद पडतो.

लाल-पिवळ्या मांडवाच्या कापडातून येणारा प्रकाश चेहऱ्यांना तोच रंग देतो. शक्य असेल तेथे वधू-वरांना मांडवाच्या कडेला, मोकळ्या सावलीत आणावे. हळदीच्या वेळी स्वयंचलित रंगसंतुलन पिवळा रंग कमी करू पाहते. तेव्हा ते उन्हाच्या खुणेवर ठेवावे आणि फोटो 'रॉ' स्वरूपात घ्यावेत, म्हणजे रंग नंतरही सुधारता येतात.

पत्रिकेवर गोरज मुहूर्त असला, तरी बँडपुढचा नाच लांबला, की अंधार पडतो. मे महिन्यात येथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणून तयारी रात्रीच्या प्रकाशाची ठेवावी. बंदिस्त कार्यालयात पांढरे छत असल्यास स्वतंत्र फ्लॅशचे तोंड छताकडे करावे. प्रकाश मऊ पडतो. उघड्या मांडवात हा उपाय चालत नाही. कॅमेऱ्यातील अंगचा फ्लॅश काही मीटरपर्यंतच पोहोचतो, हेही ध्यानात असावे.

नात्यांचे फोटो

सामूहिक फोटोंत एखादे आबा किंवा आत्या राहून गेल्या, तर मानापमान वर्षानुवर्षे निघतो. यादी आधी तयार करून, सर्वांना ओळखणारा एक चुलतभाऊ सोबत घ्यावा. नावे पुकारणे त्याचे काम, फोटो काढणे आपले. प्रत्येक समूहाचे किमान तीन फोटो घ्यावेत, कारण कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

रात्री झोपण्यापूर्वी

दोन मेमरी कार्ड आणि दोन बॅटऱ्या हा किमान संच समजावा. कार्यालयात बसून फोटो पुसत बसू नये, घाईत चांगला फोटोही जातो. त्याच रात्री सर्व फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावेत आणि तोपर्यंत कार्ड रिकामे करू नये. कोणतेही छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी दोन्ही घरांची, विशेषतः छायाचित्रातील स्त्रियांची संमती घ्यावी.

मित्राच्या लग्नात कॅमेरा हाती घेतला, की पंगतीत वरण-बट्टी गरम मिळत नाही आणि नाचायलाही सवड होत नाही. ही किंमत आधीच मान्य करावी. अनेक वर्षांनी अल्बम उघडला जाईल, तेव्हा कॅमेरा कोणता होता हे कोणी विचारणार नाही. आपले माणूस त्यात दिसते का, एवढेच पाहिले जाईल.