बॅग आणि तिचा मालक

आंतरराष्ट्रीय विमानात सामान चढले आणि प्रवासी मात्र आलाच नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवली जाते. त्यापायी उड्डाण लांबले तरी चालते. आज हा नियम साधा वाटतो. तो जगभर खऱ्या अर्थाने पाळला जाण्याआधी दोन जंबो विमाने आकाशात फुटली.

सुरुवातीची खबरदारी अपहरण टाळण्यासाठी होती. १९६८ मध्ये रोमहून निघालेले एल अल कंपनीचे विमान अल्जियर्सला पळवले गेले. त्यानंतर या इस्रायली कंपनीने साध्या वेशातले सशस्त्र रक्षक आणि प्रवाशांची कसून विचारपूस हीच आपली पद्धत केली. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि नंतर जाळण्यात आले. अमेरिकेत १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. पिस्तूल घेऊन चढू पाहणारा त्यामुळे अडवता येऊ लागला. ज्याला स्वतः चढायचेच नव्हते, त्याच्यापुढे ही व्यवस्था लुळी होती.

२२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एका प्रवाशाने आपली बॅग पुढच्या एअर इंडियाच्या विमानापर्यंत परस्पर पाठवण्याचा हट्ट धरला. टोरांटोनंतरचे त्याचे आरक्षण पक्के नव्हते, म्हणून काउंटरवर आधी नकार मिळाला. मागे रांग वाढत होती, तो हटत नव्हता. अखेर बॅगेला टॅग लागला. स्वतः तो विमानात बसलाच नाही. दोष काउंटरवरच्या एका व्यक्तीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण पुढची प्रत्येक चाळणीही फाटकी निघाली. धमक्यांमुळे एअर इंडियाने चेक-इनचे सामान क्ष-किरण यंत्रातून तपासायला घेतले होते, पण टोरांटोत त्या दिवशी यंत्र मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगांवरून स्फोटके हुंगणारे एक हातातले उपकरण फिरवण्यात आले. प्रवाशांची आणि सामानाची यादी ताडून पाहिली असती, तर मालक नसलेली बॅग हाती लागली असती.

दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईला निघालेले एअर इंडियाचे ते विमान, ‘कनिष्क’, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने समुद्रात कोसळले. विमानातले सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी तासाभराच्या आत जपानच्या नारिता विमानतळावर, व्हँकुव्हरहूनच आलेल्या दुसऱ्या बॅगेच्या स्फोटात सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले होते.

यानंतर प्रवासी आणि सामान यांची सांगड घालण्याचे नियम कडक झाले, तरी अंमलबजावणी सगळीकडे सारखी नव्हती. फ्रँकफर्टला पॅन अॅमकडे दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येणारे सामान क्ष-किरण यंत्रातून जाई, पण ते कोणाचे हे ताडले जात नसे. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबीवर याच कंपनीचे विमान फुटून जमिनीवरच्या ११ जणांसह २७० माणसे मेली. माल्टाहून मालकाशिवाय निघालेली बॅग फ्रँकफर्टमार्गे त्यात पोहोचली होती, असा निष्कर्ष पुढे न्यायालयाने काढला.

भारतात नागरी विमान सुरक्षा ब्यूरो १९८७ मध्ये स्वतंत्र विभाग झाला. विमानाजवळ मांडलेल्या सामानातून प्रवाशांनी आपापली बॅग ओळखून दाखवायची आणि मगच ती चढवायची, ही पद्धत येथे बरीच वर्षे चालली. पुढे बारकोडच्या टॅगांमुळे हे काम संगणकाकडे गेले. सामानकक्षात जाणारी प्रत्येक बॅग तपासलीच पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय बंधन २००६ पासून लागू झाले.